डावा हात

"मी इथेच आहे, कुठेही जात नाही," असं माझी बायको एका परक्या पुरुषाला म्हणाली, तेव्हा मी दाराबाहेर तिचा चष्मा हातात घेऊन उभा होतो. नवा चष्मा ती घरी फ्रिजवर विसरली होती, दवाखान्यात जुन्यावर भागवत होती, आणि मी ऑफिसची वाट वाकडी करून तो द्यायला आलो होतो. तिचा दवाखाना दातांचा. आतल्या खोलीचं दार वीतभर उघडं होतं आणि त्या फटीतून मला खुर्चीत आडव्या झालेल्या माणसाचे फक्त बूट दिसत होते, काळे, जाड तळव्यांचे, एकमेकांना घासत असलेले. माणूस घाबरला की ते आधी त्याच्या पायांना कळतं. "आपल्याला घाई नाही," ती म्हणाली. "हिरडीला मलम लावलंय, ती बधिर झाली की मगच टोचणार. टोचताना दहापर्यंत मोजू. मी मोजते, तुम्ही नुसता श्वास घ्या. आणि काहीही वाटलं, अगदी काहीही, तर डावा हात वर करायचा. मी लगेच थांबेन." मग ती मोजू लागली. एक. दोन. तीन. शब्द काय, कुणाच्याही तोंडी असतील. आवाज मात्र तिचा नव्हता. म्हणजे तिचाच होता, पण घरात मी तो कधी ऐकला नव्हता. खालच्या पट्टीतला, कुठेही न टोचणारा, झोपलेल्याच्या अंगावर पांघरूण घालावं तसा ती तो त्या बुटांच्या मालकावर घालत होती. सातापर्यंत बूट शांत झाले. दहा म्हटल्यावर मी चष्मा बाहेरच्या टेबलावर ठेवला आणि तिला न भेटताच निघालो.

मी वजनमापांचा निरीक्षक आहे. दुकानादुकानांतून तराजू तपासतो, किलो खरंच किलो आहे का ते बघतो, असला तर शिक्का मारतो. सत्तावीस वर्षं दुसऱ्यांच्या तराजूतली खोट शोधली की माणसाची नजरच तशी होते. कुणी ग्लासभर पाणी दिलं तरी मी ते मनात मापून घेतो. त्या दिवशी दोन दुकानदारांवर मी विनाकारण खेकसलो आणि संध्याकाळी घरी येऊन बायकोचा आवाज मापायला बसलो. "दूध वर येईल, बघ." "गॅस बंद केलास?" "उद्या प्लंबर येणार आहे, थांबशील का?" जेवण होईपर्यंत एकूण अकरा वाक्यं, सगळी कामाची, सगळी एका पट्टीत. मग मी मुद्दाम कण्हलो. कंबर धरलीय म्हणालो. "बाम कपाटात आहे, वरच्या फळीवर," ती पेपरमधून मान वर न काढता म्हणाली. वरच्या फळीवर! कंबर धरलेल्या माणसाला! परक्या बुटांसाठी दहापर्यंत मोजायचं आणि नवऱ्याला वरची फळी. पिकतं तिथे विकत नाही असं म्हणतात खरं, पण इथे मी गिऱ्हाईक होऊन दारात उभा होतो आणि मला माल दाखवायलाही कुणी तयार नव्हतं. मी बाम काढला आणि न दुखणाऱ्या कंबरेला चोळत बसलो. डोळ्यांत पाणी आलं ते बामाच्या वासाने आलं असं समजायला हरकत नव्हती.

मत्सर म्हणजे काय हे मला चांगलं माहीत आहे, ती काही माझ्याकडे नवीन आलेली वस्तू नव्हे. पण आजवर तो निदान कुणा एका माणसाचा असायचा. आता बघावं तर रांगच्या रांग. मी निमित्तं काढून दवाखान्यात जाऊ लागलो. कधी लाइटचं बिल द्यायला, कधी छत्री, कधी नुसताच इकडून चाललो होतो म्हणून. बाहेरच्या खोलीत सहा खुर्च्या, भिंतीवर उघड्या जबड्याचं चित्र, आणि टेबलामागे तिची मदतनीस. तिला सगळे चिमटी म्हणतात, कारण ती बोलते ती चिमटा काढल्यासारखीच. "आज काय विसरल्या मॅडम?" ती विचारायची आणि मला बसवून ठेवायची. मग मी बसायचो आणि दारातून येणारा तो आवाज चोरून ऐकायचो. एका शाळकरी मुलीला तो मिळाला. एका कवळी बसवायला आलेल्या आजोबांना मिळाला, आणि ते त्या आवाजाला चक्क लाडात येऊन उत्तरं देत होते. ते काळे बूट एका बसड्रायव्हरचे निघाले. आठवड्याने तो टाके दाखवायला आला, माझ्या शेजारी बसला, आणि मी कोण हे माहीत नसताना मला म्हणाला, "घाबरू नका हं. बाई फार मायेच्या आहेत. मी तर रडलो होतो, तुम्हाला सांगतो. त्यांनी हात थोपटला माझा." कुठला हात, असं मी विचारलं. त्याने दाखवला. चांगला रुंद, केसाळ हात होता. त्या माणसाने माझं काय बिघडवलं होतं? काही नाही. तरी मी त्याच्यावर दात धरला, आणि तो ज्या नंबरची बस चालवायचा त्या नंबरच्या बसने जाणं महिनाभर सोडून दिलं.

घरी ती माझ्याशी 'तू'ने बोलते आणि पेशंटशी 'तुम्ही'ने. लग्नाआधीपासून आमचं अरे-तुरे, मला त्याचा अभिमान होता. जवळीक म्हणजे हेच, असं मी लोकांना सांगायचो. आता मला तेही सलायला लागलं. मला वाटू लागलं की 'तू' हा घरात घालायचा जुना सदरा आहे आणि चांगले कपडे ती बाहेर जाताना घालते. चोवीस वर्षांत ती माझ्याशी कधी तरी तशी बोलली असेल का, याचा मी खूप माग काढला. आमच्याकडे पाहुणे आले होते तेव्हा? मुलगी हॉस्टेलवर गेली त्या दिवशी? बोलली असेल, मुलीशी. मागे मागे जाता जाता मी शेवटी तलावापाशी पोचलो. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात मी तिला पोहायला शिकवत होतो. झाकलेला तलाव, निळ्या फरशा, औषधाचा वास डोळ्यांत जाणारा. तिला पाण्याची भयंकर भीती. मी छातीइतक्या पाण्यात उभा राहून तिला पाठीवर तरंगायला लावायचो, माझा तळहात तिच्या पाठीखाली, तिचे कान पाण्यात, डोळे गच्च मिटलेले, आणि तिच्या मानेचा ताण हळूहळू सुटत गेलेला मला हातावर कळायचा. मी तिला धीर द्यायला काहीबाही बोलत असे. काय, ते आता आठवत नाही. आठवतो तो तिथला पोहण्याचा मास्तर. गळ्यात शिट्टी, लवचीक अंगकाठी, आणि नवव्या दिवशी तो येऊन म्हणाला, "वहिनींना माझ्या बॅचला द्या, आठ दिवसांत पोहतील." ती हसली. नुसती हसली. दहाव्या दिवसापासून मला ऑफिसात फार काम निघालं. ती दोनतीनदा म्हणाली, जाऊया ना रे. पुढच्या महिन्यात, असं मी म्हणालो. ती अजूनही पोहत नाही. समुद्रावर गेलो तर घोट्यापर्यंत पाण्यात उभी राहते आणि चपला हातात धरते. तर तेव्हाही आवाज सापडला नाही. सापडला तो माझाच जुना मत्सर, शिट्टीसकट.

उपाय शेवटी माझ्या तोंडातच होता. खालची उजवीकडची दाढ वर्षभरापूर्वी अर्धी तुटली होती. तेव्हा तिने जेवताजेवता बघून सांगितलं होतं, ही ठेवण्यात अर्थ नाही, कधी तरी येऊन काढून घे. दंतवैद्याच्या घरातच कुजकी दाढ, दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा, असं म्हणून मी तो विषय हसण्यावारी नेला होता. आता मी ऑफिसातून दवाखान्यात फोन केला आणि चिमटीकडून वेळ मागून घेतली, इतर चार पेशंट घेतात तशी. "घरी सांगा की मॅडमना," ती म्हणाली. मी म्हणालो, घरी नाही, मला रांगेतूनच यायचंय. ती फोनवर इतकी हसली की मलाच ठेवून द्यावा लागला. हे बायकोला कळलं तेव्हा तिने माझ्याकडे जरा बघितलं, आणि म्हणाली, "शुक्रवारी ना? नीट जेवून ये. बीपीची गोळी चुकवू नकोस." घरच्याच आवाजात. मी मनात म्हणालो, थांब शुक्रवारपर्यंत.

शुक्रवारी मी दाढी केली, चांगला शर्ट घातला. बाहेर चिमटीने माझ्यापुढे फॉर्म सरकवला. कशाची ॲलर्जी, कुठली औषधं चालू, पूर्वी इंजेक्शनने चक्कर आली होती का, रक्त लवकर थांबतं का, वजन. वजनाच्या रकान्यात मी बासष्ट किलो चारशे ग्रॅम लिहिलं. कशाला हो इतकं, असं चिमटीने विचारलं तर म्हटलं, धंद्याची सवय. मग आत बोलावणं आलं आणि माझी बायको, तोंडावर मास्क, डोळ्यांवर तो फ्रिजवरचा चष्मा, खुर्चीकडे हात करून म्हणाली, "या. बसा आरामात." बसा! माझ्या पाठीतून मुंगी चालत गेली. चोवीस वर्षांच्या नवऱ्याला एवढ्यावर मुंग्या याव्यात ही शरमेची गोष्ट आहे, पण आल्या. खुर्ची हळूहळू मागे झुकली, दिवा वर आला, आणि मग तो आवाज सुरू झाला, वीतभर अंतरावरून, माझ्या एकट्यासाठी. काय करणार ते ती प्रत्येक गोष्ट करायच्या आधी सांगत होती. दंडाला बीपीचा पट्टा बांधताना सांगितलं. मलम लावताना सांगितलं. औषधाची कुपी तिने मुठीत धरून ठेवली होती. गार औषध आत गेलं की जास्त झोंबतं, म्हणाली, म्हणून आधी हाताने कोमट करते. त्या मुठीचा मला हेवा वाटला, म्हणजे कुपीचा. "कुठली दाढ काढायची, तुमच्या तोंडून ऐकू दे," ती म्हणाली. मी बोट लावून दाखवली. तिने एक्स-रेच्या फोटोत पाहिली, चिमटीने मोठ्याने वाचली, मग तिने मान हलवली. तीन वेळा खात्री झाल्याशिवाय ती पुढे जात नाही, हे मला माहीतच नव्हतं. "आता दहापर्यंत मोजू. मी मोजते, तुम्ही नुसता श्वास घ्या. आणि काहीही वाटलं तर डावा हात. उजवीकडे माझी हत्यारं असतात, म्हणून डावा. मी लगेच थांबेन."

टोचल्याचं जवळजवळ कळलं नाही. सुई आत गेल्यावर औषध ढकलण्याआधी ती क्षणभर दट्ट्या मागे ओढून बघते, रक्तवाहिनीत तर शिरली नाही ना, म्हणून. मग एवढं सावकाश ढकलते की दहा आकडे पुरत नाहीत, पुन्हा पहिल्यापासून मोजावं लागतं. मला ते वीस आकडे मिळाले. मग थांबणं. ती स्टुलावर शेजारी बसून राहिली. ओठ जड झाला, जिभेची कड कुणी तरी काढून नेली, हनुवटी माझी राहिली नाही. तिने टोकदार सळईने हिरडी दाबून विचारलं, हे टोचतंय का नुसतं दाबल्यासारखं वाटतंय? नुसतं दाबल्यासारखं, असं मी खुणेने सांगितलं. "छान. आता दाब येईल, आवाज येईल, ते घाबरायचं नाही. दुखता मात्र कामा नये. दाब वेगळा, दुखणं वेगळं, आणि ते फक्त तुम्हालाच कळतं." तिने दाढ सैल करायचं हत्यार आत घातलं. दाब आला. दुखलं नाही, तिळमात्र दुखलं नाही, आणि मला एकदम कळलं की हे आता पाच मिनिटांत संपणार. पाच मिनिटांनी मी उठणार, ती 'पुढचा पाठव' म्हणणार, आणि घरी गेल्यावर दूध वर येईल, बघ. माझा डावा हात वर गेला.

ती थांबली. म्हणजे त्या क्षणाला थांबली, हत्यार बाहेर, हात बाजूला. मी इतक्या लवकर थांबलेला माणूस आजवर पाहिलेला नाही. "बरं झालं सांगितलंत," ती म्हणाली. "कुठे दुखलं? सहन करायचं नाही हं, इथे सहन करायचं काही बक्षीस नसतं." तिने माझा हात थोपटला. डावा, जो वर केला होता तोच. मी डोळे मिटून घेतले. बसड्रायव्हरचा हिशेब चुकता झाला. दुसरी कुपी तिने मुठीत धरली, पुन्हा मलम, पुन्हा दहा आकडे, पुन्हा शेजारी बसून राहणं. आणि दुसऱ्यांदा हत्यार आत गेलं तेव्हा मी पुन्हा हात वर केला. आपण काय करतोय हे मला कळत नव्हतं असं नाही. कळत होतं. एखादा दुकानदार तराजूखाली बोट लावतो तेव्हा त्यालाही कळत असतंच, पण समोरच्या पारड्यात जे पडतंय ते इतकं हवंसं असतं की बोट आपोआप जागेवर जातं. तिसरी कुपी. आता आकडे मोजताना तिचा आवाज तोच होता, पण मध्ये मध्ये ती चिमटीकडे बघत होती. औषधामुळे की कशाने, माझी छाती धडधडायला लागली. तिने लगेच खुर्ची जरा उभी केली, दंडाला पट्टा बांधला, आकडा बघितला, मनगट धरून बसली. "औषधाने होतं असं कधी कधी, बसेल आता खाली. पाय सैल सोडा." पाय! मी खाली पाहिलं. माझे बूट एकमेकांना घासत होते.

तरीही मी तिसऱ्यांदा हात वर केला. तो का केला हे मला आजही नीट सांगता येत नाही. पहिल्या दोन वेळा आवाजासाठी होता, तिसऱ्यांदा बहुतेक ती खरंच दर वेळी थांबते का ते बघायला, तपासनीसाची खोड. ती थांबली. सगळी हत्यारं ताटलीत ठेवली, हातमोजे काढले, आणि पाठ फिरवून चिमटीशी हळू बोलू लागली. त्या खोलीत हळू बोललेलं सगळं ऐकू येतं. "आज काढायची नाही. बासष्ट किलो आणि बीपीची गोळी, पुस्तकातला आकडा याहून मोठा आहे, पण मी यापुढे देत नाही. हॉस्पिटलला चिठ्ठी लिहू." चिमटी म्हणाली, "मॅडम, पण ओठ पार बधिर दिसतोय त्यांचा." "हात वर केलाय ना त्यांनी? मग दुखतंय. ते आपण ठरवायचं नाही." मग माझ्या बायकोचा आवाज आला, आणि तो तिसराच होता, ना दवाखान्यातला ना घरातला. "माझीच सुई चुकतेय गं. तीन वेळा. अठरा वर्षांत असं झालेलं नाही. डोळ्यांचं काही झालंय का, की हाताचं? सोमवारी त्या आजी आहेत ना, हृदयाच्या? त्यांना फोन करून नको म्हणून सांग. मला आधी स्वतःची खात्री करून घेऊ दे." ती उजवा हात दिव्याखाली धरून बघत होती. बोटं एकेक करून उघडत-मिटत होती. खोट्या वजनाने खरा काटा हलतो, हे मी शेकडो दुकानदारांना तोंडावर सांगितलेलं आहे.

"दुखत नाहीये," मी म्हणालो. जीभ बधिर, ओठ लटकलेला, त्यामुळे ते शब्द शेवाळावरून घसरल्यासारखे आले. ती वळली. "काय म्हणालात?" मी पुन्हा म्हणालो. एकदाही दुखलं नाही. तुझी सुई बरोबर आहे. पहिल्यांदाच बरोबर होती. "मग हात?" तिने विचारलं. काय सांगणार? पन्नाशी उलटलेल्या, सरकारी शिक्का बाळगणाऱ्या माणसाने काय सांगावं? मी म्हणालो, "तू त्यांच्याशी बोलतेस तशी." एवढंच जमलं. लाळ शर्टावर पडली, तीही चिमटीने टिपली. मग माझ्या बायकोने नवे हातमोजे चढवले, एकेक बोट नीट बसवत, आणि सळईने हिरडी चारी बाजूंनी तपासली. दर वेळी थांबून, माझ्या डोळ्यांत बघून. "खरं सांग," ती म्हणाली. "हे? हे? इथे?" मी खरं सांगितलं. "उघड तोंड," ती म्हणाली. घरच्या आवाजात. दाढ दोन मिनिटांत निघाली. दाब आला, कडकड आवाज आला, आणि ती तिने मला दाखवली, वाकड्या मुळांची, पिवळी, एवढीशी. मी सवयीने तिचं वजन मनात धरू लागलो आणि मग सोडून दिलं.

गॉजची घडी तिने खड्ड्यावर ठेवली आणि जबडा मिटवला. "घट्ट दाबून धर. पाऊण तास. थुंकायचं नाही, चुळा भरायच्या नाहीत, ओठ चावायचा नाही. आणि बोलायचं नाही, नाहीतर रक्त थांबणार नाही." मग चिमटीला म्हणाली, "तू चहाला जा. तीन इंजेक्शनं झालीत, अर्धा तास तरी मला इथे बसून बघावं लागेल. आणि आजींना फोन करू नकोस." चिमटी गेली. दार लागलं. माझ्या बायकोने मास्क खाली केला, चष्मा काढून कोटाच्या टोकाने पुसला आणि स्टूल ओढून बसली. मनगट धरून नाडी मोजली. मला वाटलं आता झाडणार. झाडलं असतं तर बरं वाटलं असतं.

"हात वर झाला की मी विश्वास ठेवते," ती म्हणाली. "कुणी नाटक करतं, कुणी भितं, कुणाला खरंच दुखतं. मी कधी निवाडा करत नाही. एकदा जरी केला ना, तर पुढच्याला खरं दुखत असताना मी थांबणार नाही. तू आज ते मोडायला निघाला होतास." ती थांबली. मी मान हलवणार होतो, पण गॉज. "आणि तो आवाज तुला हवा होता. अरे, तो आवाज माझा कुठला? तलाव आठवतो? मला बुडायची भीती. तू म्हणालास, उजव्या हाताने कठडा धर. कान पाण्यात गेले की मी काय बोलतोय ते तुला ऐकू येणार नाही, तू ओरडलीस तर पाणी तोंडात जाईल, म्हणून काहीही वाटलं, अगदी काहीही, तर डावा हात वर कर. मी लगेच थांबेन. मी इथेच आहे, कुठेही जात नाही. आणि दहापर्यंत मोजलंस. कान पाण्यात होते तरी मला ऐकू येत होतं, पाठीतून, तुझ्या हातातून." बाहेर कुणी तरी बेल दाबली. ती उठली नाही. "हा दवाखाना उघडला त्या दिवशी पहिला पेशंट आला, तो असा थरथरत होता आणि मीही. इंजेक्शन द्यायला शिकवतात रे कॉलेजात, बोलायला कुणी शिकवत नाही. माझ्या तोंडून तुझंच निघालं. शब्दन् शब्द. आवाजही तसाच काढायला बघते. अजून पुरता जमत नाही."

मी तिच्याकडे बघत होतो. मग एवढे दिवस मी दाराबाहेर बसून कुणावर जळत होतो?

"तू तो आवाज परत काढलाच नाहीस," ती म्हणाली. अजून घरच्याच पट्टीत, दूध वर येईल म्हणावं तशी. "त्या मास्तराचं मी नावसुद्धा विचारलं नव्हतं. तू पुढच्या महिन्यात म्हणालास. ठीक आहे. पण त्यानंतरही मी हात वर केलेत. माझी आई गेली त्या आठवड्यात मी ओट्याशी पाठमोरी उभी होते. तू आत आलास आणि म्हणालास, चहा टाकतेसच तर माझाही टाक. मी चहा टाकत नव्हते. गॅस पेटवलाच नव्हता मी. नंतर पेटवला. तू चांगला झालाय म्हणालास. आणि मुलगी हॉस्टेलवर गेली त्या दिवशी..."

मी डावा हात वर केला. या खेपेला खरंच दुखत होतं.

तिने तो पाहिला. गॉज जागेवर आहे ना तेवढं बघितलं, माझा वर गेलेला हात धरून खाली आणला, खुर्चीच्या दांडीवर ठेवला, त्यावर आपला ठेवला, आणि पुढचं सांगू लागली.